श्रद्धा उसनी मिळत नाही

मैत्रिणींनो, “देवाचं करायला वेळच मिळत नाही हो!” हे वाक्य आपण आठवड्यातून किती वेळा म्हणतो? अंबरनाथ-बदलापूरकडच्या बायकांना तर ते म्हणायचा हक्कच आहे. पहाटे उठून पाणी भरा. आनंदनगरच्या कारखान्यात पहिल्या पाळीला जाणाऱ्याचा डबा करा. मुंबईला नोकरीला जाणारी असेल तर तिला गाडी गाठायची असते. मग मुलांच्या शाळा, सासूबाईंची औषधं, दाराशी भाजीवाला. देवापुढे दिवा लावतानासुद्धा कान कुकरच्या शिट्यांकडे असतात.

पण याहून खोलवरची एक तक्रार आहे, ती आपण मोठ्याने बोलत नाही. वेळ काढून सगळं केलं, उपास केले, पोथी वाचली, तरी मन काही लागत नाही. माहेरी आईने सांगितलं ते केलं, सासरी सासूबाईंनी सांगितलं ते केलं. उद्या यजमानांनी एखाद्या संप्रदायाची माळ घातली की आपल्याही गळ्यात ती येणार, हे ठरलेलंच. या सगळ्यात आपली स्वतःची अशी श्रद्धा कुठली, असं कुणी विचारलं तर काय सांगाल?

या प्रश्नावर आज आपण जरा वेगळ्या घरात डोकावून पाहू या. आपल्या शेजारच्या ख्रिस्ती बिऱ्हाडातून नाताळात फराळाचं ताट येतं, आपण दिवाळीचं पाठवतो. पण त्या घरातल्या बाईची भक्ती कशी चालते, हे सहसा विचारत नाही. वास्तविक या विषयावर मराठी ख्रिस्ती बायकांनी फार मोलाचं सांगून ठेवलं आहे, आणि तेही आपल्याच भाषेत. धर्म बदला असं सांगायचा इथे मुळीच हेतू नाही. शेजारणीची एखादी चांगली रीत आपण उचलतोच ना, तसंच हे.

कल्याण स्टेशन आपल्या रोजच्या पायाखालचं. तिथून एक रूळ कसाऱ्यावरून नाशिककडे जातो. दुसरा आपल्या उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरवरून कर्जत, पुणे आणि तिथून दौंडकडे. पहिल्या वाटेला नाशिकजवळ जलालपूर आहे, लक्ष्मीबाई टिळकांचं माहेर. दुसऱ्या वाटेला पुण्याच्या पुढे केडगाव आहे, पंडिता रमाबाईंची कर्मभूमी. या दोघींच्या आयुष्यात आपल्या प्रश्नाचं उत्तर आहे.

नवऱ्याने धर्म बदलला, तिने काय करायचं?

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा. वडील अतिशय कर्मठ. सोवळ्याचा बाऊ इतका, की बाजारातून आलेली वस्तू धुतल्याखेरीज घरात घ्यायची नाही. अकराव्या वर्षी लग्न झालं ते नारायण वामन टिळकांशी. हे पुढे मराठीतले मोठे कवी झाले. पण संसाराच्या दृष्टीने पाहाल, तर आज इथे नि उद्या तिथे असा माणूस. हातात आलेला पैसा घरी पोचेलच, याची खात्री नाही. लक्ष्मीबाई शाळेत गेल्या नव्हत्या. वाचायला लिहायला शिकल्या त्या लग्नानंतर.

१८९३ मध्ये टिळकांना आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन गृहस्थाने ‘नवा करार’ भेट दिला. तो त्यांनी वाचला, त्यावर विचार केला आणि १० फेब्रुवारी १८९५ या दिवशी मुंबईला बाप्तिस्मा घेतला. बायकोला आधी सांगितलंसुद्धा नाही!

जरा त्या बाईच्या जागी स्वतःला ठेवून बघा. सव्वीस वर्षांचं वय, पदरात लहान मूल, आणि तो काळ असा की धर्मांतर केलेला माणूस नातेवाइकांच्या लेखी मेलाच. सौभाग्य आहे म्हणावं तर नवरा घरात नाही, नाही म्हणावं तर तो जिवंत आहे. नातेवाइकांच्या आधाराने त्यांनी काही वर्षं काढली. अखेर त्या नवऱ्याकडे नगरला राहायला गेल्या. पण गेल्या म्हणजे ख्रिस्ती झाल्या का? तसं नाही, इथेच या बाईचं मोठेपण आहे. नवरा ख्रिस्ती, आजूबाजूची सगळी वस्ती ख्रिस्ती, आणि ह्या आपलं सोवळंओवळं सांभाळून, आपलं वेगळं शिजवून खात होत्या. टिळकांनीही जबरदस्ती केली नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

मग मन पालटलं ते कशाने? कुणाच्या प्रवचनाने नव्हे, की वादात हरल्याने नव्हे. त्यांनी स्वतःशीच विचार केला. जात देवाने केली असती, तर पशुपक्ष्यांत जसे वेगवेगळे आकार दिसतात तसे माणसामाणसांत दिसले असते. पण जन्म, मरण, भूक सगळ्यांची सारखीच. मग हे भेद माणसानेच केले असणार! हे एकदा मनाला पटलं आणि जन्मभराची विटाळाची गाठ सुटली. कुणाच्याही हातचं खायला-प्यायला त्या तयार झाल्या. बाप्तिस्मा घेतला तो त्यानंतर, १९०० साली.

म्हणजे क्रम लक्षात घ्या. आधी शेजाऱ्याच्या हातचं पाणी चाललं, मग धर्माचा विधी झाला. श्रद्धा आधी वागण्यात उतरली, नाव तिला मागाहून मिळालं. आपण बहुतेक वेळा उलटं करतो. नाव आधी लावतो, वागण्याचं पुढे बघू म्हणतो!

पुढे लक्ष्मीबाईंच्या घरात अनाथ पोरं वाढली, आलागेला जेवला. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडून साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. १९१९ मध्ये ते वारले. बाई मात्र खचल्या नाहीत. टिळकांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ त्यांनी पुरं केलं, आणि १९३४ पासून ‘स्मृतिचित्रे’ भागाभागांनी प्रसिद्ध होऊ लागली. त्या पुस्तकात उपदेश जवळजवळ नाहीच. आहे तो संसार, भांडणं, फजित्या आणि हसू. फेब्रुवारी १९३६ मध्ये त्या गेल्या. शाळेचं तोंड न पाहिलेल्या या बाईचं आत्मचरित्र मराठीतलं सर्वोत्तम आत्मचरित्र मानणारे पुष्कळ आहेत. तुमच्या वाचनालयात ते नक्की असेल. दुपारच्या वेळात जरूर वाचा.

पंडितेलाही वाट पाहावी लागली

आता दुसऱ्या वाटेने केडगावला जाऊ. रमाबाईंची विद्वत्ता सर्वांना माहीत आहे. जन्म १८५८ चा. वडिलांनी मुलीला संस्कृत शिकवलं. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील आणि बहीण डोळ्यांदेखत गेली. भावाबरोबर पायी भटकत त्या कलकत्त्याला पोचल्या, तिथे १८७८ मध्ये त्यांना ‘पंडिता’ ही पदवी मिळाली. लग्न झालं, मुलगी झाली आणि दोन वर्षांच्या आत पती निवर्तले. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि तिथेच वाँटेज इथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

इथवर पुष्कळांना ठाऊक असतं. पण पुढचं वाचलं की नवल वाटतं. बाप्तिस्मा घेतला म्हणून ही बाई गप्प बसली नाही. मठातल्या ज्या बाईंनी आईच्या मायेने त्यांना सांभाळलं, त्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा पत्रांतून केवढा वाद चालला होता! मोठ्या धर्मगुरूंनी सांगितलं म्हणून मी मानणार नाही, मी स्वतः वाचीन आणि मला पटेल तेच मानीन, असा त्यांचा सूर. इथल्या पुरोहितांचं जोखड नुकतंच उतरवलं, आता दुसऱ्यांचं मानेवर घेणार नाही, असंही त्यांनी लिहून कळवलं. शाकाहारही त्यांनी सोडला नाही.

आणखी एक गोष्ट त्यांनी स्वतःच्या साक्षीत सांगितली आहे. बाप्तिस्मा घेऊनही कित्येक वर्षं त्यांच्या मनाला शांती नव्हती. धर्म मिळाला होता, पण ज्याच्यासाठी धर्म घ्यायचा तो ख्रिस्त मिळाला नव्हता. तो भेटल्याची खूण मनाला पटायला सुमारे आठ वर्षं लागली. एवढी विद्वान बाई, चार-पाच भाषा जाणणारी, आणि आठ वर्षं वाट पाहिली! मग महिनाभर पोथी वाचून मन लागलं नाही म्हणून आपण निराश का व्हावं?

वाट पाहताना त्या हात जोडून बसल्या होत्या का? छे! मार्च १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत ‘शारदा सदन’ उघडलं, विधवांना शिकवायला. पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने हाडांचे सापळे झालेल्या मुली-बायकांना बरोबर घेऊन आल्या. आपले आईवडील दुष्काळात कसे गेले, हे त्या विसरल्या नव्हत्या. त्यांच्यासाठी केडगावला ‘मुक्ती’ उभी राहिली. विणकाम, शेती, गाईगुरं, छापखाना, सगळं बायकांनी चालवायचं. आंधळ्या मुलींनाही शिकवायचं. ती संस्था आजही चालू आहे.

आणि या सगळ्या धबडग्यात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक या भाषा शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणलं. कशासाठी? तर खेड्यातल्या, थोडंसंच वाचता येणाऱ्या बाईलाही ते कुणाच्या मदतीशिवाय कळावं म्हणून. पंधरा वर्षांहून अधिक काळ हे काम चालू होतं. ते संपत आलं त्याच सुमाराला मुलगी मनोरमा गेली. एप्रिल १९२२ मध्ये रमाबाईही गेल्या. केडगावच्या बायकांनी खिळे जुळवून छापलेला तो ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला. रमाबाईंची इच्छा काय होती पाहा. बाईला आपली श्रद्धा दुसऱ्याकडून ऐकीव मिळू नये, तिने स्वतः वाचून ती कमवावी!

मार्थाचं काय चुकलं?

आता तुम्ही म्हणाल, “अहो, ही मोठी माणसं. आम्हांला चूल सुटते का?” ख्रिस्ती परंपरेत याच तक्रारीची एक गोष्ट आहे. लूकच्या शुभवर्तमानात ती येते. मार्था आणि मरीया या दोघी बहिणी. येशू त्यांच्या घरी येतो. मरीया त्याच्या पायाशी ऐकत बसते. मार्था बिचारी स्वयंपाकघरात राबते, आणि शेवटी चिडून म्हणते की हिला जरा मला मदत करायला सांगा. येशू तिला मायेने समजावतो की तू फार गोष्टींची दगदग करतेस, मरीयेने चांगलं ते निवडलं आहे.

ही गोष्ट ऐकली की आपल्याला मार्थाचाच पुळका येतो, खरं ना? सगळ्याच पायाशी बसल्या तर पाहुण्याला वाढणार कोण? पण बारकाईने पाहा. मार्थेच्या कामाला कुणी नावं ठेवली नाहीत. तिची चूक कामात नव्हती, ती होती त्या कामाच्या धुसफुशीत. हात पोळीवर आणि डोळे बहिणीवर! आणि पुढची गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. योहानाच्या शुभवर्तमानात या दोघींचा भाऊ लाजर मरतो, तेव्हा येशूला सामोरी धावते ती मार्थाच. त्या दुःखातही तू ख्रिस्त आहेस असा माझा विश्वास आहे, हे ठामपणे सांगते तीही मार्थाच. स्वयंपाकघरातल्या बाईची श्रद्धा कच्ची नसते, हे यावरून कळतं.

सोळाव्या शतकात स्पेनमध्ये संत तेरेसा होऊन गेल्या. त्या आपल्या मठातल्या बायकांना सांगत, की आज्ञा स्वयंपाकघरात जायची झाली तर खंत करू नका, देव भांड्याकुंड्यांमध्येही असतो. पुढच्या शतकात पॅरिसच्या एका मठात ब्रदर लॉरेन्स नावाचे आचारी होते. प्रार्थनेची वेळ आणि कामाची वेळ त्यांनी वेगळी मानलीच नाही. भांडी वाजत असताना, चार जण चार गोष्टी मागत असतानाही मन देवापाशी ठेवायचा त्यांनी वर्षानुवर्षं सराव केला. सराव हा शब्द लक्षात ठेवा. पहिल्या दिवशी त्यांनाही जमलं नव्हतं.

घरच्या घरी करून पाहा

या सगळ्यातून आपल्या रोजच्या घरात उपयोगी पडतील अशा चार रीती सांगते. तुमचं दैवत कोणतंही असो, करून पाहायला हरकत नाही.

पहिली रीत वेळेची. मोठा संकल्प सोडू नका. पाचच मिनिटं ठरवा, पण रोज तीच. घरातलं पहिलं माणूस उठायच्या आधीची किंवा दुपारी सगळे बाहेर गेल्यानंतरची. मन लागो न लागो, त्या वेळी बसायचं. दूध विरजण लावून ठेवलं की आपण दर मिनिटाला झाकण काढून बघत नाही. येशूनेही देवाच्या राज्याची तुलना पिठात कालवलेल्या खमिराशी केली आहे. थोडंसंच असतं, दिसत नाही, पण सगळं पीठ फुगवतं.

दुसरी रीत जमाखर्चाची. घरखर्चाची वही आपण लिहितो ना? संत इग्नेशियस लोयोला यांनी सोळाव्या शतकात अशीच मनाची वही लिहायला सांगितली. रात्री निजताना दिवस डोळ्यांपुढून न्यायचा. आधी जमेची बाजू, म्हणजे आज काय चांगलं मिळालं त्याबद्दल आभार. मग खर्चाची बाजू. कुणाला टोचून बोलले? कामवालीचा पगार उगाच कापला का? मुलाचा राग भांड्यांवर काढला का? मग उद्या एकच गोष्ट सुधारायची ठरवायची. एकच बरं का, दहा नव्हेत!

तिसरी रीत देण्याची. उजव्या हाताने दिलेलं डाव्याला कळू नये, अशी येशूची शिकवण आहे. आपल्याकडे देणं म्हणजे पावती, पाटीवर नाव आणि शेजारणीला सांगणं! महिन्यातून एकदा असं काहीतरी द्या, की ते घरात कुणाला कळणार नाही. देवळातल्या पेटीत दोन दमड्या टाकणाऱ्या विधवेचं येशूने कौतुक केलं, ते रकमेचं नव्हे. तिने उरलेल्यातलं दिलं नव्हतं, पोटचं दिलं होतं.

चौथी रीत राग न शिळा करण्याची. सूर्य मावळायच्या आत राग सोडावा, असं संत पौल सांगतात. शिळ्या अन्नासारखंच आहे हे. रात्रभर ठेवलं की आंबतं. जाऊबाईंशी सकाळी झालेलं बोलणं रात्रीपर्यंत आपण मनात किती वेळा परततो! दिवेलागणीपूर्वी निदान एक शब्द साधा बोलावा. माफी मागता आली तर उत्तमच.

सोसणं म्हणजे श्रद्धा नव्हे

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. क्षमेची शिकवण बायकांच्या माथी फार सोयीने मारली जाते. नवरा दारू पिऊन मारतो, सासरचे छळतात, आणि वर ऐकवतात की देवाचं नाव घे नि सोस. याला श्रद्धा म्हणत नाहीत. रमाबाईंनी तर हे कधीच मानलं नाही. १८८७ मध्ये मुंबईच्या कोर्टाने रखमाबाईला नको असलेल्या नवऱ्याकडे जा, नाहीतर तुरुंगात जा, असं फर्मावलं. त्याविरुद्ध रमाबाईंनी आपल्या इंग्रजी पुस्तकात उघड लिहिलं. आणि आसरा नसलेल्या बायकांसाठी दार उघडलं ते कायमचंच. लूकच्या शुभवर्तमानातली एक विधवाही अशीच. न्यायाधीश दाद देईना, तर रोज त्याच्या दाराशी जाऊन उभी राहिली, शेवटी त्याला न्याय द्यावाच लागला. येशूने ही गोष्ट प्रार्थना कशी करावी हे शिकवायला सांगितली आहे! तेव्हा तुमच्यावर किंवा शेजारणीवर हात उचलला जात असेल, तर देवाचं नाव जरूर घ्या, पण माहेरी कळवा, पोलिसांत जा, मदत मागा. राग सोडणं वेगळं आणि अन्यायाला दार उघडं ठेवणं वेगळं.

मैत्रिणींनो, लक्ष्मीबाईंना नवऱ्याची श्रद्धा उसनी घेता आली असती. तसं केलं असतं तर त्यांचे कितीतरी हाल वाचले असते. रमाबाईंना मठातल्या बायकांची घेता आली असती. दोघींनी ती घेतली नाही. एकीने ती पाण्याच्या तांब्यापाशी मिळवली, दुसरीने दुष्काळातल्या पोरींच्या उशाशी. वाटीभर साखर शेजारणीकडून आणता येते, संध्याकाळी परतही करता येते. श्रद्धेचं तसं नाही. ती आईने, सासूबाईंनी, यजमानांनी दाखवावी, वाट सांगावी, एवढंच. कमवावी लागते ती आपली आपण, रोज थोडी थोडी. आजच्या पाच मिनिटांपासून सुरुवात करा. मन नाही लागलं तरी उद्या पुन्हा बसा!